काडीच्या डोळ्यातला घड

त्या एप्रिलात परदेशातल्या मुख्य कचेरीतून नवी नियमावली आली आणि नोकरीत पहिल्यांदाच मला भांडावंसं वाटलं.

मी एका परदेशी कंपनीच्या हिशोब विभागात काम करते. कंपनी द्राक्षं पिकवते आणि जगभर विकते. निरनिराळ्या देशांत तिच्या बागा आहेत, त्यांतल्या काही आमच्या जुन्नर तालुक्यात, ओझरच्या आसपास भाडेपट्ट्यानं घेतलेल्या. पॅकहाऊस नारायणगावजवळ आणि त्याच्याच माडीवर आमचं ऑफिस. माझं सासर तिथून जवळ. माहेर मात्र आंबेगावातलं, महाळुंगे पडवळ. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात एक ठरलेलं होतं, की पोटाला चिमटा बसला तरी चालेल, पण शाळा सुटता कामा नये. वडील मंचरच्या बाजारात मापाडी होते. कांद्याच्या गोण्यांचं वजन करत त्यांनी मला कॉमर्स शिकवलं, आणि पुढे मी परीक्षा देत देत इथवर आले.

माझं काम काय, हे माहेरी अजून कोणाला नीट सांगता येत नाही. "कॉम्प्युटरवर हिशोब लिहिते," असं आई सांगते. खरं तर हिशोब लिहिणारे दुसरे आहेत. हिशोब कोणत्या नियमानं लिहायचा, ते मी पाहते. कंपनीच्या वार्षिक अहवालात आकड्यांच्या मागे बारीक अक्षरांतली काही पानं असतात. कोणता खर्च यंदाचा धरला, कोणता पुढच्या वर्षाचा. वेलीचं आयुष्य किती मानलं. झाडावर असलेल्या, अजून न तोडलेल्या मालाची किंमत कशी लावली, हे सगळं तिथे सांगितलेलं असतं. यांना अकाउंटिंग पॉलिसी म्हणतात. एकदा नियम ठरला की दरवर्षी तोच पाळायचा, आणि बदललाच तर का बदलला ते उघड सांगायचं. ही पानं कोणी वाचत नाही. मी मात्र लोक दिवाळी अंक वाचतात तशी ती वाचते. कोणत्याही कंपनीचा अहवाल हाती आला की मी आधी मागची पानं उघडते. माणूस कसा आहे हे जसं त्याच्या सवयींवरून कळतं, तशी कंपनी मला तिथे कळते.

तर नवी नियमावली. सगळ्या देशांत एकच नियम असावा म्हणून ती केलेली होती आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण द्राक्षाच्या प्रकरणात एक वाक्य होतं: छाटणीचा सगळा खर्च ज्या वर्षी झाला त्याच वर्षीच्या नफा-तोट्यात घालावा, कारण छाटणी ही संपलेल्या हंगामाची आवराआवर आहे.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ज्यानं लिहिलं त्याच्या देशात ते बरोबरच असणार. तिकडे थंडीत वेल पानं टाकून झोपते आणि तेव्हा तिची एकदाच छाटणी होते. आमच्याकडे वेल झोपत नाही. तिला दोनदा छाटावं लागतं. माल निघाला की एप्रिलात पहिली, तिला खरड छाटणी म्हणतात. तिच्यातून नवी काडी वाढते. मग ऑक्टोबरात दुसरी, आणि तिच्यानंतर त्या काडीतून घड बाहेर पडतात. कंपनीचं वर्ष संपतं जूनअखेर. म्हणजे या नियमानं एप्रिलच्या छाटणीचा सगळा खर्च सरत्या वर्षाच्या डोक्यावर बसणार आणि तिच्यामुळे येणारी द्राक्षं मात्र पुढच्या वर्षात दिसणार.

लग्न होऊन मी ओझरकडे आले तेव्हा पहिल्याच एप्रिलात ती छाटणी पाहिली होती. हिरवागार मांडव दोन दिवसांत उघडाबोडका झाला, नुसती लाकडं आणि तारा. मी हादरलेच. धाकटे दीर घरची बाग बघतात. मी त्यांना म्हटलं, "भावजी, एवढ्या उन्हात झाडाचं हे काय करून ठेवलंत?"

ते हसले. "वहिनी, ही पुढच्या मालाची तयारी हाय. आत्ता जी काडी येईल, तिच्या डोळ्यात घड बसतो. तो न्हाई बसला तर ऑक्टोबरात काय बी करा, नुसती पानंच येत्यात."

डोळा म्हणजे काडीवर जिथून नवी फूट निघते तो कोंब. हे ऐकलेलं डोक्यात पक्कं होतं. म्हणून नियमावली घेऊन मी आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेब मूळचे पुण्याचे, स्वभावानं सावध. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मॅन्युअल आलंय. आपण फॉलो करायचं."

"सर, पण अभिप्राय मागवलेत त्यांनी. शेवटची तारीखसुद्धा दिली आहे."

"मागवायचे म्हणून मागवतात हो."

"मग द्यायचा म्हणून मी देते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लिहा. पण एका पानात. आणि पाठवायच्या आधी मला दाखवा."

त्या एका पानासाठी मी किती पानं फाडली असतील! शेवटी साधं लिहिलं: आमच्याकडे दोन छाटण्या का होतात, पहिलीतून काय निर्माण होतं आणि तो खर्च पुढच्या पिकाचा का आहे. साहेबांनी एक विशेषण खोडलं आणि पाठवायला सांगितलं. मला वाटलं होतं, पोच येईल आणि विषय संपेल. पण आठवड्याच्या आतच निरोप आला. कंपनीच्या साऱ्या समूहाची हिशोबाची धोरणं ठरवणाऱ्या बाईंना माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं.

मी इस्त्रीची साडी नेसून ऑफिसला गेले. नवरा म्हणाला, "कॉलवर खांद्यापर्यंतच दिसतं." म्हटलं, दिसू दे.

बाई साठीच्या आसपासच्या असाव्यात. आखूड पांढरे केस, समोर माझं ते एक पान, आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा. नमस्कार-चमत्कार फार नाही. इंग्रजीत सरळ विचारलं, "जूनअखेर तुमच्या वेलींवर किती द्राक्षं असतात?"

"एकही नाही."

"मग ज्या मालाचा खर्च तुम्ही पुढे न्या म्हणता, तो माल आहे कुठे?"

"काडीत. डोळ्याच्या आत घड तयार झालेला असतो."

बाई पुढे झुकल्या. "तुम्ही स्वतः पाहिला आहे?"

ऐकलं होतं, वाचलं होतं, ऑक्टोबरानंतर फुटलेले घड तर शेकड्यांनी पाहिले होते. पण जूनमध्ये, डोळ्याच्या आत? "नाही," मी म्हटलं.

"मग आधी पाहा," त्या म्हणाल्या, "आणि मलाही दाखवा. तुमचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतंय. पण ऐकीव गोष्टीवर मी ताळेबंदात मालमत्ता दाखवू शकत नाही."

कॉल संपला. साहेबांना वाटलं मी हिरमुसले. "जाऊ द्या मॅडम, प्रयत्न तर केलात."

पण माझ्या अंगात वारं शिरलं होतं. इतक्या वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं, की जा, डोळ्यांनी बघ आणि मग नियम लिही. हिशोबाच्या नोकरीत असं काही करायला मिळतं? मी म्हटलं, "सर, त्या नाही म्हणाल्या नाहीत. दाखवा म्हणाल्या!"

साहेबांनी ऑफिसच्या गाडीची किल्ली टेबलावर सरकवली.

नारायणगावात शेतीऔषधांच्या एका दुकानाच्या माडीवर काडीतले डोळे तपासणारी लॅब आहे. कृषी पदवीधर झालेली एक तरुण मुलगी ती चालवते. शेतकरी ऑक्टोबरच्या छाटणीआधी काड्या घेऊन येतात. ती डोळा कापून मायक्रोस्कोपखाली पाहते आणि कुठल्या डोळ्यावर घड आहे, काडी कुठे कापायची ते सांगते. मी कंपनीच्या बागांतल्या काड्या घेऊन गेले तेव्हा जून निम्मा सरला होता. भावजीही सोबत आले होते, स्वतःच्या बागेतल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून.

मुलगी म्हणाली, "ताई, या दिवसांत कुणी येत नाही. गर्दी होते ती सप्टेंबरात. आत्ता दिसेल की नाही, मी सांगू शकत नाही."

"बघूया तरी."

तिनं कंपनीच्या एका बागेतली काडी घेतली. ब्लेडनं डोळ्याची तपकिरी साल हळूहळू सोलली, आतली कापसासारखी लव बाजूला केली आणि डोळा मायक्रोस्कोपखाली धरला. शेजारच्या पडद्यावर पांढरट, गुळगुळीत उंचवटा दिसला. बाकी काही नाही.

"हा घड?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. अजून ठरायचंय. याचा घडही होईल, नाहीतर नुसती बाळी होईल." बाळी म्हणजे वेल ज्यानं तारेला विळखा घालते तो तंतू. त्याला द्राक्षं येत नाहीत.

दुसरा डोळा तसाच, तिसराही तसाच. बाईंना काय सांगणार होते मी? की आमच्याकडे एक उंचवटा आहे, त्याचं पुढे काय होईल ठाऊक नाही, पण खर्च पुढे न्या?

भावजींनी काड्यांवरची चिठ्ठी वाचली. "वहिनी, ही तुमची वड्याकडची बाग न्हाई का? ती तर लई उशिरा छाटली व्हती. माल निघायला टाइम लागला ना तिथं. आधी छाटलेली कुठली?"

मी पिशवी उलटी केली. सर्वांत आधी छाटलेल्या बागेची जुडी तळाशी होती. मुलीनं त्यातली जाड, गोल काडी निवडली. साल, मग लव, मग पुन्हा ब्लेड. मायक्रोस्कोपचं चाक फिरवलं तशी पडद्यावरची धुरकट आकृती स्पष्ट होत गेली.

फ्लॉवरचा इवला गड्डा असावा, तसं काहीतरी होतं. पांढरेहिरवे मणी एकमेकांना चिकटलेले, खाली निमुळते, आणि वरच्या बाजूला एक छोटा फाटा, अगदी घडाला खांदा असतो तसा.

"हा घड," मुलगी म्हणाली.

मी ओरडलेच. खालच्या दुकानातला माणूस जिन्यावरून डोकावून गेला. भावजी खुर्ची सोडून पडद्याला नाक लावून उभे राहिले. "आयला, लई भारी राव! इतकी वर्सं बाग करतोय, पर ह्या टायमाला कधी आत डोकावलो न्हाई." मग म्हणाले, "आता माजी लावा." त्यांच्याही काडीत घड निघाला. मग आम्ही तिघं एकामागून एक डोळे पाहतच बसलो. मुलीचीही भीड मोडली होती, ती स्वतःच म्हणाली, "ताई, ही पण बघू या का?" जेवायची वेळ टळून गेली तरी कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तिकडे सकाळ होती तेव्हा, लॅबमधूनच बाईंना कॉल लावला. साहेबही आले होते. कोटात. त्या लहानशा खोलीत ते, मी, भावजी आणि ती मुलगी, अशी नुसती दाटी झाली. ओझरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी असल्यानं रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्लोळ होता, म्हणून खिडकी लावून घेतली होती आणि आत सगळे घामाघूम.

मुलीनं डोळा सोलला, मायक्रोस्कोपखाली धरला, आणि नेमके दिवे गेले.

पडदा काळा. मायक्रोस्कोपचा दिवाही गेला. फोन तेवढा चालू होता आणि त्यात बाई शांतपणे वाट पाहत होत्या. "काय झालं?"

"वीज गेली."

साहेबांनी कपाळावर हात मारला. पण मुलगी म्हणाली, "थांबा, भिंगातून दिसतंच की. फक्त उजेड पाहिजे." भावजींनी आपल्या मोबाईलची बॅटरी लावून बाजूनं धरली. मी माझा फोन मायक्रोस्कोपच्या भिंगावर टेकवला. फोन हलू नये म्हणून साहेबांनी माझं मनगट खालून धरलं. फोनवर आधी काळोख, मग एक पिवळा गोल, आणि गोलात हळूच तो घड.

 

"दिसतोय मला," बाई म्हणाल्या. आणि मग एकदम वेगळ्याच, मोकळ्या आवाजात, "अहो, खांदासुद्धा दिसतोय! हा पुढच्या फेब्रुवारीचा माल?"

"हो. पुढच्या फेब्रुवारीचा."

त्यांनी तो आणखी दोनदा वेगवेगळ्या बाजूंनी दाखवायला लावला. भावजी मराठीतूनच त्यांना सांगत होते, "मॅडम, जरा डाव्या अंगाला बघा," आणि मी भाषांतर करत होते.

खरी उलटतपासणी त्यानंतर सुरू झाली. त्या विचारण्याआधीच मी सांगून टाकलं, की उशिरा छाटलेल्या बागेत असं दिसलं नाही. तिथे फक्त उंचवटे आहेत, घड होईल की बाळी ते आज सांगता येत नाही.

"हे सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मग त्या बागेच्या खर्चाचं काय?"

"तो यंदाच्याच खर्चात घालावा लागेल. जिथे घड दिसला, तिथलाच पुढे न्यायचा."

"आणि या घडाची किंमत? बाजारभावानं?"

"नाही. अजून ऑक्टोबरची छाटणी आहे, ढगाळ हवा आहे, गारपीट आहे. बाजारभाव लावणं म्हणजे स्वप्नाला भाव लावणं. जेवढा खर्च झाला, तेवढीच किंमत."

"दरवर्षी तपासणार?"

"दरवर्षी. बागेगणिक. आणि कशी तपासली ते अहवालात लिहायचं."

बाई लिहून घेत होत्या. मी बोलत होते आणि स्वतःलाच ऐकत होते. आदल्या दिवशीपर्यंत यातलं अर्धंही मला सुचलेलं नव्हतं. ते उंचवटे पाहिले नसते तर कधी सुचलंही नसतं. शेवटी त्या म्हणाल्या, "परिच्छेद तुम्ही लिहा. बाहेरच्या ऑडिटरांशी मी बोलते." कॉल संपला तेव्हा दिवे आले, आणि पडद्यावर तो घड पुन्हा मोठा होऊन उजळला. साहेबांनी कोट काढला. "चला," ते म्हणाले, "सगळ्यांना मिसळ माझ्याकडून."

ऑडिटरांनी सहजासहजी सोडलं नाही. त्यांनी फोटो मागितले, लॅबची पद्धत लिहून मागितली, आणि आपला माणूस पाठवून स्वतः काड्या निवडल्या. त्यांचं बरोबरच होतं. मी उशिरा छाटलेली बाग त्यांना स्वतःहून दाखवली. तिथला खर्च त्याच वर्षाच्या खर्चात गेला, बाकीच्या बागांचा पुढे गेला. परिच्छेदावरही पुष्कळ खल झाला. माझ्या मूळ मसुद्यातला "आशा" हा शब्द बाईंनी काढला. हिशोबात आशा नसते, संभव असतो, म्हणाल्या. मला ते आवडलं.

वार्षिक अहवाल निघाला तेव्हा साहेब त्यातल्या एका पानाची प्रत घेऊन केबिनमधून बाहेर आले. सहसा ते फोन करून बोलावतात. पान माझ्यासमोर ठेवलं आणि तिथेच उभे राहिले. द्राक्षाच्या धोरणाखाली तो परिच्छेद होता. मराठीत सांगायचं तर असा: ज्या प्रदेशांत वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते, तिथे पहिल्या छाटणीचा खर्च पुढील पिकाचा समजला जातो, मात्र वर्षअखेरीस काडीच्या डोळ्यात घड तयार झाल्याचं तपासणीत दिसलं तरच, आणि झालेल्या खर्चाइतकाच.

खाली कोणाचं नाव नाही. नसतंच. पण जगात कुठेही कोणी तो अहवाल उघडला, तरी आमच्या एप्रिलातलं ऊन त्या वाक्यात आहे, हे मला माहीत होतं. घरी जाऊन मी सगळ्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "येवढंच?" भावजी म्हणाले, "येवढंच कसं! परत वाचा वहिनी, घडाचं तेवढं परत वाचा." मी परत वाचलं.

त्यानंतर महिन्याभरात बाईंचा मेल आला. समूहाच्या दुसऱ्या एका देशात उसाचे मळे आहेत आणि नियमावलीतलं उसाचं प्रकरण त्यांना पुन्हा लिहायचं होतं. ऊस तोडला तरी जमिनीत राहिलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटतो. मग ते बुडखं म्हणजे पीक धरायचं, की वर्षानुवर्षं उत्पन्न देणारं यंत्र असावं तशी मालमत्ता? आणि ते किती वर्षं टिकतं असं मानायचं? या कामासाठी निरनिराळ्या देशांतल्या चार-पाच जणांचा गट केला होता, आणि त्यात मला घेतलं होतं. मेलच्या शेवटी एकच ओळ होती: या वेळी आधी पाहून मग लिहा.

मी त्याच रविवारी माहेरी गेले. मंचरला नेहमीसारखी गाड्यांची रांग होती, तिच्यात अडकल्यावरही माझं डोकं उसातच. महाळुंगे पडवळला पोचले तेव्हा भाऊ रानात निघाला होता. त्याच्या रानातला ऊस नुकताच तुटून गेला होता, त्याच बुडख्यांवर दुसरं पीक घ्यायला खोडवा राखलेला. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि म्हटलं, "मला एक बुडखं मुळासकट उपटून पाहिजे."

"उपटून?" भाऊ म्हणाला. "आगं, चांगलं फुटाय लागलंय ते. काय करायचंय?"

"आत काय आहे ते बघायचंय."

तो हसला आणि कुदळ आणायला वळला. मला धीर निघेना. मी तोवर खाली बसून हातानंच माती उकरायला लागले. दोन बोटं खाली गेले तर तोडलेल्या उसाचं लाकूड काळं पडत आलेलं, आणि त्याच्याच अंगातून, मातीखालीच, हिरवट पांढरा कोंब वर यायला निघालेला.

"आरे, लवकर ये!" मी हाक मारली. "आणि येताना सुरी पण आण!"